वस्तू आधी, वर्णन नंतर

"ग्लास, स्टील, पाण्याचा, भरलेला, एक."

आमच्या वरच्या मजल्यावरचे सुभेदार दस्तगीर मुलाणी तहान लागली की असं बोलतात. तेही बायकोशी. पंचेचाळीस वर्षं संसार केलेल्या बायकोशी. चाचीही काही कमी नाहीत. आतून उत्तर येतं, "ग्लास हाय. भरलेला न्हाई. माठापर्यंत या."

सुभेदार लष्कराच्या डेपोत अठ्ठावीस वर्षं स्टोअरकीपर होते. बंदूक चालवायचं काम दुसऱ्यांचं. ती कुठल्या रॅकवर, कुठल्या खणात, कुठल्या नावानं पडलीय हे सांगायचं काम यांचं. तिथं एक रीत असते म्हणे. वस्तू आधी, वर्णन नंतर. 'काळे चामडी बूट' असं म्हणायचं नाही. 'बूट, चामडी, काळे, नंबर आठ' असं म्हणायचं. म्हणजे यादीत सगळे बूट एका जागी येतात. काळ्या वस्तू एका जागी आणून कुणाला काय करायचंय? रीत शहाणपणाची आहे, मी नाही म्हणत नाही. पण माणसानं रिटायर होताना ती डेपोतच ठेवून यावी की नाही? यांनी ती ट्रंकेत भरून सांगलीला आणली.

आमच्या इमारतीतल्या मोटारीच्या बटणावर त्यांनी चिठ्ठी लावलीय: 'बटण, मोटारीचं, पाण्याच्या, वरच्या टाकीसाठी, सकाळी सातला'. ती वाचून होईपर्यंत टाकी वाहायला लागते. एकदा त्यांच्या भाच्याच्या लग्नाची पत्रिका आली. आपल्याकडची पत्रिका म्हणजे काय सांगायला नको. आशीर्वाद देणारे आठ, निमंत्रण देणारे सोळा, सरपंच, माजी सरपंच, आणि नवरा-नवरी कुठंतरी मध्ये अंग चोरून उभी. सुभेदारांनी लाल पेनानं शेरा मारला, 'मुख्य वस्तू चौदाव्या ओळीत गेली आहे. वर घेऊन पुन्हा सादर करावे', आणि पत्रिका पोस्टानं परत धाडली. बहिणीनं वर्षभर अबोला धरला. सुभेदारांचं म्हणणं, चूक दाखवली तर रागवायचं कशाला?

आता अशा माणसाच्या हाती मशीन लर्निंगची लायब्ररी पडली तर काय होईल?

पडली. मीच दिली. माझीच अवदसा.

मी आष्ट्याजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. काही वर्षांपूर्वी मी आणि माझ्या दोन मित्रांनी मिळून 'पानपारख' नावाची एक लायब्ररी लिहिली. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे हो. तयार कोडची पेटी म्हणा. उसाच्या, हळदीच्या पानांचे हजारो फोटो दाखवून दाखवून कॉम्प्युटरला शिकवायचं, की हा तांबेरा, हा करपा, हे पान धडधाकट. मग शेतकऱ्यानं फोटो काढला की रोगाचं नाव हजर. ही पेटी आम्ही इंटरनेटवर उघडी टाकली. कुणीही यावं, फुकट वापरावी, काही सुधारलं असेल तर आमच्याकडे पाठवावं. बरं वाटलं तर आम्ही पेटीत घेणार.

उत्साह पहिल्या वर्षाचा. नंतर दोघे मित्र बंगळुरूला गेले ते गेलेच, आणि मी पेपर तपासण्यात बुडालो. पेटीत जो तो येऊन काहीबाही टाकून जात होता. 'फायनल', 'फायनल दोन', 'खरंच फायनल' अशा नावांच्या फायली. एका फाईलचं नाव 'बाबूचं'. बाबू कोण हे अजून कुणाला माहीत नाही.

एक दिवस सुभेदार वायफायचा पासवर्ड मागायला खाली आले आणि माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघत उभे राहिले. बघता बघता त्यांच्या मिशा ताठ झाल्या.

"ह्ये गोदाम कुणाचं?"

"आमचंच."

"स्टोअरकीपर कोण हाय?"

"कोणीच नाही."

"आवं सर, आन् तुमी जेवताय कसं?"

मी हसलो. ते हसले नाहीत. पासवर्ड न घेताच वर गेले. पुढचे आठ महिने वरून दिवसभर कॉम्प्युटरचे धडे देणाऱ्या व्हिडिओंचा आवाज येत होता. चाची मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "भाऊ, ह्यांना काय लावून दिलंसा? कुकरची शिट्टी झाली तरी म्हणत्यात, थांब, लूप पुरा हूं दे." आठ महिन्यांनी सुभेदार खाली आले ते हातात एक फाईल घेऊन. वर लिहिलं होतं: 'नियम, योगदानाचे, पानपारख, भाग पहिला'.

दोनशे चौदा कलमं होती. मी दहा वाचली आणि म्हणालो, "चाचा, आजपासून दाराची किल्ली तुमच्याकडे." म्हणजे कुणी काही पाठवलं तर ते आधी त्यांच्याकडे जाणार, त्यांनी मंजूर केलं तरच पेटीत पडणार. मला वाटलं, सुटलो.

नियम काही वाईट नव्हते, खरं सांगतो. वस्तू आधी, वर्णन नंतर, हा पहिला. त्यामुळं पेटीतल्या सगळ्या कामांची नावं 'फोटो, पानाचा, उघडणे', 'फोटो, पानाचा, कापणे', 'रोग, उसाचा, ओळखणे' अशी झाली, आणि पहिल्यांदाच मला माझ्याच पेटीतली वस्तू शोधता यायला लागली. नुसतं 'एक्स' किंवा 'वाय' नाव द्यायला बंदी. 'नवीन' या शब्दाला बंदी, कारण "नवीन किती दिस नवीन ऱ्हाणार?" 'फायनल'ला तर कडक बंदी. तिथं कलमाखाली खुलासाच दिला होता: 'फायनल माणूस होतो. फाईल होत नाही.'

पण मग बाकीची कलमं सुरू झाली. काम पाठवणाऱ्यानं आपलं नाव, गाव, फोन नंबर आणि 'येण्याचे कारण' लिहिलंच पाहिजे. कोडमधल्या प्रत्येक टिपणीच्या शेवटी पूर्णविराम हवा. उघडं वाक्य म्हणजे उघडं कुलूप. असल्या प्रत्येक अर्जाला सुभेदार 'इंडेंट' म्हणत. डेपोत खिडकीवर येणाऱ्या मागणीच्या कागदाला म्हणतात तसं. आणि इंडेंटात चूक निघाली की तो परत. साधासुधा परत नाही. गणपती पेठेतून त्यांनी 'परत' असा रबरी शिक्का करून आणला होता. आलेला कोड ते छापून घेत, कागदावर दणकन शिक्का मारत, त्या कागदाचा फोटो काढत आणि तो फोटो इंटरनेटवर चढवत. जगात कुठल्याही लायब्ररीत अशी सोय नसेल.

त्यातही खास कलम एकशे दोन: एका खेपेला एकच चूक सांगावी.

"का पण?" मी विचारलं. "चार चुका असतील तर चार सांगून मोकळं व्हा की."

"सर, नव्या रंगरुटाला येकदम समदं सांगितलं की त्यो घाबरतो. येक सांगायचं, दुरुस्त करून घ्यायचं. मग दुसरं."

आणि ती एक चूकही लिहून सांगायची नाही. फोन करायचा. "लिवल्यालं डोळ्यात जातं, बोलल्यालं डोस्क्यात जातं," असं त्यांचं शास्त्र. म्हणजे पोरं लातूरहून, इचलकरंजीहून, कुठून कुठून काम पाठवणार आणि सुभेदार त्यांना रात्री जेवणवेळेला फोन लावून अर्धा अर्धा तास पूर्णविरामावर बोलणार. त्यांचा आवाज परेड ग्राउंडवर तयार झालेला. खाली मला पेपर तपासता येईनात. "जेवलास का? काय केलंतं भाजीला? बरं. आता ओळ अठरा काढ," हे मी रोज छतातून ऐकत होतो.

मी कॉलेजात त्यांची नक्कल करून दाखवायचो. स्टाफरूम हसून लोळायची.

एकदा मात्र कुण्या परदेशातल्या प्राध्यापकानं काम पाठवलं. अर्ज पूर्ण, नावं बरोबर, पूर्णविराम जागच्या जागी, 'येण्याचे कारण' या रकान्यात तीन ओळी. एकही चूक नाही. नाइलाजानं सुभेदारांनी पहिल्या खेपेला मंजूर केलं आणि दोन दिवस तोंड पाडून बसले. मला वाटलं, शिक्का मारायला मिळाला नाही म्हणून हिरमुसले. मी ही गोष्टही स्टाफरूमला सांगितली, रंगवून.

मग आली ऋतुजा.

ही मेढ्याची. जावळीतल्या डोंगरात हिच्या चुलत्यांची भातशेती. साताऱ्याला शिकून घरी आलेली, नोकरी शोधणारी. हिनं भातावरच्या करप्याचं काम केलं होतं. दोन पावसाळे गुडघाभर चिखलात उभं राहून स्वतः फोटो काढलेले. उसात आणि हळदीतच अडकलेल्या आमच्या पेटीत पहिल्यांदा भात येणार होता. काम बघून मी मनात म्हटलं, पोरगी भारी आहे. आणि सुभेदारांवर सोडून पेपरांकडे वळलो.

दोन-अडीच महिने गेले. एका बुधवारी संध्याकाळी तिचा मला फोन आला.

"सर, मी ऋतुजा बोलतेय, मेढ्याहून. अकराव्यांदा परत आलंय."

"अकराव्यांदा?"

"हो. या वेळी म्हणाले, फोटोंच्या यादीत शेताचं नाव डावीकडं हवं. त्याच्या आधीच्या वेळी तेच म्हणाले होते की उजवीकडं घे." मग म्हणाली, "सर, मला तक्रार नाही करायची. पण शुक्रवारी पुण्यात मुलाखत आहे. कंपनीनं सांगितलंय, कुठल्यातरी खुल्या लायब्ररीत मंजूर झालेलं एक तरी काम दाखवा, नाहीतर येऊ नका. माझ्याकडं दुसरं काहीच नाही."

"मग हे चाचांना सांगितलंस का?"

"नाही."

"अगं का?"

"ते लगेच मंजूर करतील, सर. नियम मोडून. आणि मग त्यांनाच चैन पडणार नाही. मला माहितीय ना ते कसे आहेत."

माझं डोकंच फिरलं. कुठं ती मेढ्यातली पोरगी, म्हाताऱ्याच्या नियमांची काळजी करतेय, आणि कुठं हा म्हातारा! डावीकडं काय, उजवीकडं काय! किल्ली काढून घ्यायची, आत्ताच, म्हणून मी दोन-दोन पायऱ्या चढत वर गेलो.

सुभेदार घरी नव्हते. नमाजाला गेले होते. चाची गवार निवडत बसल्या होत्या. मी आवाज चढवूनच सगळं सांगितलं: अकरा खेपा, मुलाखत, डावं-उजवं. त्यांनी ऐकून घेतलं. गवारीची परात बाजूला ठेवली, आत गेल्या आणि एक जाडजूड रजिस्टर आणून माझ्यासमोर ठेवलं.

"वाचा भाऊ. मला काय त्यातलं कळत न्हाई. पर ह्ये वाचा."

नाव, गाव, काय आणलं, किती वेळा परत, मंजूर केल्याची तारीख. अक्षर मोत्यासारखं. 'काय आणलं' या रकान्यात कोडबद्दल एक शब्द आणि बाकी भलतंच: 'आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले.' 'भाऊ भरतीला दोनदा नापास, तिसऱ्यांदा जाणार.' 'एकटा राहतो, स्वतः करून खातो, भात करपतो.' आणि सगळ्यात शेवटचा एक रकाना. त्यावर लिहिलं होतं: 'मंजुरीनंतर'.

तो रकाना वरपासून खालपर्यंत कोरा होता. पान उलटलं. कोरा. पुढचं पान, कोरा.

"मंजूर झाल्यावर येक बी माणूस परत फोन करत न्हाई," चाची म्हणाल्या. "पहिल्या पहिल्यांदा ह्ये वाट बघायचे. आता मंजूरच लांबवत्यात. मी म्हनलं, आवं, लेकरांची कामं हायती. तर उठून शिक्का घेत्यात."

ऋतुजाच्या ओळीत तर जागाच उरली नव्हती. वर एक जादा कागद डकवला होता. मेढ्यात पाऊस किती झाला, चुलत्याची म्हैस कधी व्याली, नेटवर्क फक्त गच्चीवर कसं येतं, सगळं. मी रजिस्टर मिटणार होतो, पण का कुणास ठाऊक, पहिलं पान काढलं.

पहिलं नाव माझं. किल्ली हातात आल्यावर त्यांनी मलाही अर्ज भरायला लावला होता, पेटी माझीच असताना. चार खेपांत मंजूर झालं होतं. माझ्यापुढचा शेवटचा रकानाही कोरा होता. आणि मी बरोबर खालच्या मजल्यावर राहतो हो! सतरा पायऱ्या. त्या मी आज चढलो होतो, त्याही भांडायला. मला माझीच लाज वाटली. स्टाफरूममधली ती नक्कल आठवली आणि जास्तच वाटली.

सुभेदार आले. मी, चाची, उघडं रजिस्टर, असं सगळं त्यांनी दारातूनच पाहिलं. टोपी काढून खिळ्याला लावली आणि खुर्चीवर बसले.

"चाचा," मी म्हणालो, "ऋतुजाच्या कामात चूक काय आहे?"

"काय न्हाई."

"कधीपासून?"

"दुसऱ्या खेपेलाच संपलीती." ते जमिनीकडं बघत होते. "पोरगी लय हुशार हाय. मला काय सापडंना. मग डावं उजवं केलं."

"तिची शुक्रवारी मुलाखत आहे पुण्यात. हे मंजूर नसेल तर तिला आतसुद्धा घेणार नाहीत."

त्यांनी झटकन वर पाहिलं. मी त्यांना कधी असं बघितलं नव्हतं. रंगच उडाला होता माणसाचा.

"मला बोलली न्हाई ती. रोज बोलती, आन् ह्येच बोलली न्हाई?"

"तुम्हाला नियम मोडायला लागू नये म्हणून."

चाची परत गवार मोडायला लागल्या. मग सुभेदार म्हणाले, "सर, डेपोत माझ्या खिडकीवर सकाळपासनं लायन लागायची. शिव्या द्यायचे लोक. 'खडूस मुलाणी' म्हणायचे. पर यायचे. रिटायर झालो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी धाला मी तयार हून बसलो, आन् कोण आलंच न्हाई. तुमच्या ह्या पेटीनं परत खिडकी उघडली. पर हितं येक वंगाळ हाय. माल दिला की गिऱ्हाईक जातं ते जातंच. म्हणून मी माल अडवला. चोरीच झाली ही. स्टोअरकीपरनं केल्याली."

"तसं नाही चाचा," मी म्हणालो.

"तसंच हाय." ते उठले, कॉम्प्युटर सुरू केला, ऋतुजाचं काम उघडलं आणि एका बोटानं मंजुरीचं बटण दाबलं. शिक्का नाही, कागद नाही. भाताचा करपा पेटीत गेला. मग त्यांनी खाली स्वतःच्या नावानं एक ओळ लिहिली, कुणालाही दिसेल अशी: 'हे काम दुसऱ्या वेळीच निर्दोष होते. नंतरचा सर्व विलंब माझ्यामुळे झाला. सुभेदार द. मुलाणी.' मी म्हटलं, एवढं कशाला? तर म्हणाले, "पोरीला कंपनीत कुणी इचारलं, अकरा येळा का परत आलं, तर तिच्या नावाला बट्टा नको."

मग त्यांनी तिला फोन लावला. "मंजूर," एवढंच म्हणाले. पलीकडून ती ओरडल्याचा आवाज मलाही ऐकू आला. "मुलाखत नीट दे," असं काहीतरी अर्धवट बोलून त्यांनी फोन ठेवला. माफी मागायचं ठरवलं असावं, जमलं नाही.

शुक्रवारी मी कॉलेजात रजा टाकली. कारण काय लिहायचं हे सुचेना म्हणून 'घरगुती' लिहिलं. दुपारी तीनच्या सुमारास फोन वाजला. ऋतुजा.

"सर, झाली निवड! एक तारखेपासून या म्हणाले!"

"अगं मला काय सांगतेस, आधी वर सांग! चाचांना!"

"त्यांनाच लावतेय सर, पाऊण तास झाला. फोन सारखा एंगेज आहे."

मी वर गेलो. दार उघडंच होतं. सुभेदार रजिस्टर मांडीवर घेऊन फोनवर बोलत होते. पहिल्या पानावर माझ्या नावाखाली जे कुणी होते तिथून त्यांनी सुरुवात केली होती आणि ओळीनं एकेकाला फोन लावत चालले होते. शेवटच्या रकान्यात पेन्सिलीनं बारीक बारीक लिहिलेलं दिसत होतं.

"न्हाई न्हाई, कामाचं काय न्हाई रं," ते सांगत होते. "कोडचं काय बी न्हाई. तुझ्या आईचं गुडघं कसं हाय, त्ये इचाराय फोन केला. चालाय लागली? जिना चढती? ब्येस, ब्येस."

मी खुणेनं सांगितलं, ऋतुजाचा येतोय. त्यांनी मला हातानंच थांबवलं, लातूरच्या त्या पोराच्या आईला सलाम सांगितला आणि मग फोन खाली ठेवला. ठेवताक्षणी वाजला.

बातमी ऐकून ते काही क्षण नुसते "व्हय, व्हय" म्हणत राहिले. कुठं राहणार, हडपसरला मावशीकडं म्हणतेस तर ती सख्खी की चुलत, डबा कुठला, सगळं विचारून झालं. चाची दाराला टेकून ऐकत होत्या. पलीकडून ती बहुधा म्हणाली की पुण्यात रुळले की पुढचं काम पाठवते, नाचणीवरचं, सगळे नियम पाळून.

"काम ऱ्हाऊ दे गं," सुभेदार म्हणाले. "काम नसलं तरी फोन कर."